मिटलेल्या छत्रीच्या मागे

मित्रांनो, मी एक जुनी पिवळी छत्री आहे, पण पावसात उघडणं हे माझं काम कधीच नव्हतं. हसताय ना? हसा खुशाल! मी एका गाइडताईची छत्री. परक्या शहरातल्या एका प्रसिद्ध रस्त्यावर ती सहलीला आलेल्या माणसांना फिरवायची आणि मला मिटवून, डोक्यावर उंच धरून पुढे चालायची. "दुकानं बघा, गाणीबजावणी बघा, पण एक डोळा पिवळ्या छत्रीवर ठेवा," असं ती सगळ्यांना बजावायची.

काय तो रस्ता! दोन्ही बाजूंना झाडं, फुटपाथवर मांडलेल्या खुर्च्या, बाजा वाजवणारे, अंगाला चंदेरी रंग फासून पुतळ्यासारखे उभे राहणारे. गर्दी तर अशी की मुंगीला वाट मिळू नये. त्या सगळ्यांच्या डोक्यावरून मी मिरवायचे. कारखान्यात माझ्या काड्या बसवणाऱ्या बाईने मला तेव्हा पाहायला हवं होतं!

एकदा ग्रुपमध्ये एक आजी-आजोबा आले. आजोबा जरा विसराळू होते. 'जरा' हे आपलं म्हणायला बरं का. खरं सांगितलं तर सहलीला घेणार नाहीत, म्हणून त्या ताईला एवढंच म्हणाल्या होत्या, "हे हळू चालतात, बाकी काही नाही." हा रस्ता बघायची आजोबांची फार जुनी हौस होती, आणि आता नाही तर कधीच नाही, हे आजींना ठाऊक होतं. चालताना त्या पुन्हा पुन्हा माझ्याकडे बोट दाखवायच्या. "अहो, ती पिवळी छत्री. तिच्या मागे जायचं." आजोबा शहाण्या मुलासारखी मान हलवायचे.

अर्धा रस्ता झाला आणि पाऊस आला. ताई एरवी स्वतः भिजायची, पण मला उघडायची नाही. त्या दिवशी मात्र आजींना कुडकुडताना पाहून तिला राहवलं नाही. तिने मला उघडून आजींच्या डोक्यावर धरलं. आजींनी स्वेटरची बटणं लावायला आजोबांचा हात सोडला. तेवढ्यात रस्ताभर छत्र्या उघडल्या, लाल, निळ्या, पिवळ्यासुद्धा. त्यांच्यात मी कुठली हे कुणाला कळणार? आजी मागे वळल्या, तर आजोबा नव्हते.

"ताई, त्यांना काही आठवत नाही हो," आजी रडू लागल्या. "हॉटेल नाही, स्वतःचं गावसुद्धा नाही. मी खोटं बोलले तुमच्याशी."

ताई धावतच सुटली. पोलिसांना सांगून झालं, दुकानं पालथी घालून झाली. म्हातारा माणूस, परका देश, भाषेचा गंध नाही. शेवटी ताईने मला मिटवलं, ती भर पावसात एका बाकावर चढली आणि मला दोन्ही हातांनी उंच धरून उभी राहिली. लोक बघून हसत होते. तिचे हात भरून आले, तरी तिने मला खाली घेतलं नाही.

आणि गर्दीतून आजोबा आले! नखशिखांत भिजलेले, माझ्यावर नजर लावून. "ही काय छत्री!" ते आनंदाने म्हणाले. आजींनी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. आजोबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि ताईला हळूच विचारलं, "या बाई कोण?"

आजींनी पदराने डोळे पुसले.

"मी तुमच्याच ग्रुपमधली," त्या म्हणाल्या. "द्या बघू हात."

त्यानंतर ताईने मला पुन्हा हातात घेतलं नाही; उघडली की मी इतर छत्र्यांत हरवते ना! आता ती काठीला झेंडा लावून चालते आणि मी ऑफिसच्या दाराआड धूळ खात पडले आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. गर्दीत घरच्या म्हाताऱ्या माणसांना माझ्यासारखीच्या भरवशावर मात्र सोडू नका. त्यांना तुमचं नाव आठवो न आठवो, हात तुमचाच असू द्या.