परस्पर दिलेली क्षमा

“ज्यानं तुला दुखावलं त्याचं नाव आधी घ्यायचं, मगच पहिला घास तोंडात घालायचा. नाव घेववत नसेल तर उपाशी राहा, पण नाव टाळून जेवू नकोस.”

आईनं हे सांगितलं तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती, आणि दुखावणारी माणसं म्हणजे वर्गात वेणी ओढणारी एखादी मुलगी. आई जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली होती. तरी डब्याचं झाकण उघडलं की तो आवाज हजर असायचा. मात्र गेले अकरा महिने जे नाव घ्यायचं होतं ते जावयाचं होतं, आणि त्यानं तिच्या एकुलत्या एका लेकीचा जीव घेतला होता.

पहिले काही दिवस ती पाण्यावरच राहिली. मग एका दुपारी नाव ओठांवर आलं. पण घास काही पोटात ठरला नाही. पुढे हळूहळू दोन्ही जमू लागलं. क्षमा झाली का, असं कुणी विचारलं असतं तर तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. एवढंच, की नाव घेतल्यावर आता डबा पुरा संपत असे. ही गोष्ट तिनं एकाच माणसाला सांगितली होती, आपल्या थोरल्या भावाला. तीही स्वतःच्या स्वयंपाकघरात, चहा गाळता गाळता.

छापखान्यामागच्या लांबट खोलीत बाइंडिंगचं काम चाले. टेबलावर घडी घातलेले छापील फर्मे ओळीनं रचलेले असत. प्रत्येक गठ्ठ्यातला एक फर्मा उचलायचा, क्रम लावायचा, पाठ ठोकून सारखी करायची आणि सुई-दोऱ्यानं शिवायची. तिचे टाके असे एकसारखे पडत, की तिला सगळे टाकेबाईच म्हणत. शेजारच्या टेबलावर पुठ्ठे कापणारी बाई होती, पुठ्ठेवाली. तिच्या जिभेला हातातल्या सुरीपेक्षा जास्त धार होती. पुस्तकं हाताळून माणूस शहाणा होत असता तर आपल्या मालकांचं असं झालं नसतं, असं ती मालकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, आणि मालकही न ऐकल्यासारखं करून हसायचे.

टाकेबाई शिवताना मजकूर कधी वाचत नसे. पृष्ठक्रमांक पाहिला की झालं. त्या दिवशी काम आलं होतं तिच्याच ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक पुस्तिकेचं. ज्या देवळात तिचं लग्न लागलं, लेकीचं नाव ठेवलं आणि लेकीची शेवटची प्रार्थनाही झाली, त्याच देवळाची ती मंडळी. तिसऱ्या गठ्ठ्यातला एक फर्मा उलटा लागला होता. तो फिरवताना मथळा डोळ्यांत भरला : ‘एका आईची क्षमा’.

खाली लिहिलं होतं, “माझ्या जावयाला मी मनापासून क्षमा केली आहे. रोज जेवणाआधी मी त्याचं नाव घेते. जे घडलं ते एका क्षणाच्या रागात घडलं. त्यापूर्वी त्यांच्या संसारात कधी कुरबूर झाल्याचं मला माहीत नाही. माझी मुलगीही तापट होती. आता या विषयावर कुणी बोलू नये आणि न्यायालयानेही दया दाखवावी, एवढीच माझी इच्छा आहे.” त्याखाली तिचं पूर्ण नाव होतं. आणि बारीक अक्षरांत, हे पत्र न्यायालयात सादर केले आहे, अशी टीप.

तिनं ते दोनदा वाचलं. जेवणाआधीचं वाक्य तिचं होतं, अगदी शब्दन् शब्द. तिच्या स्वयंपाकघरातून ते फक्त एकाच माणसाबरोबर बाहेर गेलं होतं.

पुठ्ठेवालीनं विचारलं, पान फाटलंय का गं? ती नाही म्हणाली. तो फर्मा घडी करून तिनं पिशवीत ठेवला, हातावरची खळ धुतली आणि मालकांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. इतक्या वर्षांत तिनं रजा मागितलेली मालकांना आठवेना. त्यांनी कारणही विचारलं नाही.

दादाचं औषधांचं दुकान होतं. मऊ बोलणारा, कुणाचं काय दुखतं हे लक्षात ठेवणारा माणूस. मंडळीच्या पंचांत त्याचा शब्द पाळकसाहेबांच्या शब्दाइतकाच चाले. एका म्हाताऱ्याला तो गोळ्यांची वेळ समजावत होता. दोनदा समजावली, मग तिसऱ्यांदा पाकिटावर लिहून दिली. टाकेबाई काचेच्या कपाटाशी उभी राहून ते बघत होती. हाच दादा लहानपणी तिच्या पायातला काटा काढताना आधी स्वतः रडायचा.

तीन महिन्यांपूर्वी तो दोन कागद घेऊन घरी आला होता. तुरुंगात जावयाला प्रार्थनेचं पुस्तक पाठवायची परवानगी हवी, म्हणाला. इथे सही कर आणि इथे. तिनं चष्मासुद्धा लावला नव्हता. दादा वाचतोय म्हटल्यावर चष्मा कशाला?

म्हातारा गेला. तिनं फर्मा काउंटरवर पसरला आणि विचारलं, “कधी कुरबूर झाल्याचं माहीत नाही, असं मी तुला कधी म्हणाले, दादा?”

दादानं कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला बसायला स्टूल पुढे केलं. कोर्टाची भाषा तशीच असते, वकिलांनीच ती वाक्यं घातली, असं तो सांगू लागला. जावई मंडळीच्या गायकवृंदाचा प्रमुख होता, अर्ध्या मंडळीची पोरं त्याच्या हाताखाली गायला शिकली, त्याची बदनामी ती सगळ्यांचीच बदनामी. शेवटी म्हणाला, तू क्षमा केलीस ना? मग जुनं उकरून काय मिळणार?

“क्षमा मी केली,” ती म्हणाली. “खोटं तू बोललास, माझ्या तोंडून.”

जुनं म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. लेक पहिल्यांदा माहेरी आली ती फुटलेला ओठ घेऊन. दादानं जावयाला बोलावून घेतलं, दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले, सुंदर प्रार्थना केली आणि संध्याकाळच्या आत लेक सासरी पोचती झाली. दुसऱ्यांदा तिचं मनगट प्लास्टरमध्ये होतं. “मामा, मी क्षमा केली तरी तो मारतोच,” ती म्हणाली होती. मामा म्हणाला, किती वेळा केली हे मोजायचं नसतं, बाळ. आणि टाकेबाईनं आपल्या हातानं तिची पिशवी भरून दिली होती. तिसऱ्यांदा लेक आली नाही, नुसता फोन आला. आई, मी येऊ का? टाकेबाई म्हणाली, मामा उद्या येऊन त्याच्याशी बोलेल, एवढा एक दिवस कळ काढ. त्याच दिवशी त्यानं तिला जिन्यावरून ढकललं.

आपल्या किती घरांत अशा पिशव्या भरल्या जातात, याचा हिशोब कुणी ठेवत नाही. मार खाणारीला आपण क्षमेचा धडा देतो, आणि मारणाऱ्याला पहिल्या बाकावर बसायला जागा. जिचं अंग ठणकतंय तिनंच मोठं मन करायचं, बाकीच्यांनी फक्त आमेन म्हणायचं. प्रभूनं क्षमा शिकवली ती याचसाठी का, हे प्रत्येकीनं गुडघे टेकताना स्वतःलाच विचारून पाहावं.

दादानं दुकानाचं दार लोटून घेतलं. “तुला कळत नाहीये. ती दोनदा घरी आली होती, असं तू सांगितलंस की पुढचा प्रश्न येणार. परत कुणी पाठवलं?” त्याचा आवाज आणखी खाली आला. “माझं नाव येईल गं. तुझंही येईल.”

तेव्हा तिला सगळं लख्ख दिसलं. ते पत्र जावयासाठी नव्हतंच. अकरा महिने, कधी उपाशीपोटी, कधी कण्हत-कुंथत तिनं जे मिळवलं होतं, ते तिच्या भावानं उचललं आणि स्वतःच्या अंगावर पांघरून घेतलं. जावयानं लेक नेली. दादानं तिचं मरणसुद्धा खोटं केलं.

“येऊ दे,” ती म्हणाली.

मंडळीत मग तुला कोण विचारणार, असं दादानं विचारलं. अगदी काळजीनं विचारलं. त्याला खरंच काळजी वाटत होती, हेच तिला सगळ्यांत जास्त लागलं.

तुरुंगात भेटीचा वार मंगळवार. मधे जाड काच आणि बोलायला दोन्हीकडे फोन. जावई खूप वाळला होता. पूर्वी घोळवून घोळवून बोलायचा, आता एकेक शब्द टाकत होता. वकिलांनी तुमचं पत्र वाचून दाखवलं आई, म्हणाला. मी रडलो.

“ते पत्र माझं नाही.”

त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, नाव घेता ते तरी खरं?

“ते खरं. म्हणून तर आले.” फोन तिनं दोन्ही हातांनी धरला होता. “त्या कागदातल्या माणसानं एकदाच रागाच्या भरात काहीतरी केलं. त्याला मी ओळखत नाही. ज्यानं तिचा ओठ फोडला, मनगट मोडलं आणि मग तिला ढकलून दिलं, त्याचं नाव मी रोज घेते. क्षमा त्या माणसाला आहे. तो तू नसशील तर मी इतके दिवस कुणासाठी जीव आटवला?”

जावई नखं बघत बसला. मामा म्हणाले असंच सांगायचं, तो पुटपुटला. पहिल्या दिवशी मी पोलिसांना सगळं सांगायला निघालो होतो.  खरं असेलही, नसेलही, तिला वाटलं.

“तुम्ही कोर्टात बोललात तर मी सुटणार नाही.”

“नाही सुटणार.”

“मग कसली ही क्षमा?” त्याचा आवाज चढला तसा मागचा पहारेकरी एक पाऊल पुढे आला.

 “मलाही पुरतं कळलेलं नाही,” ती म्हणाली. “पण निकाल लागला की पहिल्या मंगळवारी मी येईन. त्यानंतरच्याही मंगळवारी येईन. तू भेटीला काचेपाशी आलास तर बोलू. नाही आलास तर वेळ संपेपर्यंत बसेन आणि परत जाईन. हा माझा शब्द.”

त्यानं फोन ठेवून दिला.

सुनावणीच्या दिवशी मंडळीची माणसं तीन बाकं भरून आली होती. टाकेबाईनं क्रमानं सगळं सांगितलं. ओठ, मनगट, फोन. परत कुणी पाठवलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, “माझ्या भावानं सांगितलं, पण पिशवी मी भरली.” दादा मान खाली घालून बसला होता. जावयाच्या वकिलानं चाणाक्षपणे विचारलं, तुम्ही क्षमा केली आहे हे तर खरं? हो, ती म्हणाली. मग शिक्षा कशाला मागता?

“माझं दुःख माझं होतं, ते मी सोडलं,” टाकेबाई म्हणाली. “माझ्या लेकीचं मी सोडून देणारी कोण? आणि आज कुठल्या तरी घरात एखादी पोर बसली असेल, मनगट धरून. तिला परत पाठवताना माझं उदाहरण द्याल तुम्ही. ते मी देऊ देणार नाही.”

जावयाला जन्मठेप झाली.

पुढच्या रविवारी देवळात तिच्या बाकावर तिच्याशिवाय कुणी बसलं नाही. पत्राची गोष्ट कळल्यावर पुठ्ठेवालीनं पुस्तिकेचे पुठ्ठे कापायला साफ नकार दिला होता. माझा हात दुखतोय, म्हणाली, आणि मालकांनीही ते काम निमूटपणे परत पाठवलं होतं. म्हणून पुस्तिका दुसरीकडे बांधून आल्या होत्या. टाके ढिले होते, मजकूर तोच होता. खोटं पत्र सगळ्यांच्या मांडीवर उघडं पडलं होतं, आणि दादा समोर उभा राहून ठरलेल्या सुरात प्रार्थना म्हणत होता. ती उठून गेली नाही. शेवटपर्यंत बसली. दारात पाळकसाहेबांनी हात पुढे केला तेव्हा मात्र तिनं आधी पुस्तिका त्यांच्या हातात दिली. हे पान काढून टाका, म्हणाली, नाहीतर दर रविवारी मी दारात उभी राहून प्रत्येकीला खरं काय ते सांगेन. पाळकसाहेब पाहू म्हणाले. बघा, ती म्हणाली, मला घाई नाही.

मंगळवारी दुपारी तिनं हातातलं पुस्तक पुरं शिवलं, दोऱ्याला गाठ मारली आणि ते दाबयंत्रात लावलं. मालकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. पुठ्ठेवालीला मात्र राहवलं नाही. अगं, ज्यानं तुझं घर उजाड केलं त्याच्या दारात कशाला जातेस, तिनं विचारलं. तो तुझं तोंडही बघायचा नाही.

“नाही बघितलं तर नाही,” टाकेबाई म्हणाली. “येते म्हणून सांगितलंय मी.”

तिनं चष्मा त्याच्या डबीत ठेवला, चपला पायांत सरकवल्या आणि मागच्या दारानं रस्त्यावर आली. बसला वेळ होता. ती चालतच निघाली.