फरकाचा हप्ता

माणूस म्हटला की चुकतो, पण गणपतराव चुकत नाहीत, ही गोष्ट शाळेच्या स्टाफरूममध्ये बत्तीस वर्षे सिद्ध मानली गेली होती. सत्तावीस डिसेंबरला सकाळी साडेदहा वाजता गणपतरावांनी पुण्याहून मुलाने पाठवलेला आयकर खात्याचा संदेश मोबाईलवर तिसऱ्यांदा वाचला, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि चौथ्यांदा वाचला. संदेश बदलला नव्हता. विवरणपत्रात दाखवलेली पेन्शन आणि खात्याकडे असलेली माहिती यांच्यात बहात्तर हजार चारशे रुपयांचा मेळ बसत नव्हता. दुरुस्तीला मुदत एकतीस डिसेंबरपर्यंत.

बहात्तर हजार चारशे म्हणजे काय, हे त्यांना आकडा बघताक्षणीच कळले होते. सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचा हप्ता. तो गेल्या वर्षी पेन्शनबरोबर बँकेत जमा झाला आणि तो उत्पन्नात दाखवायचा नाही, असा निवाडा स्वतः गणपतरावांनी दिला होता. त्यामागचे कारण त्यांच्या मते साधे होते. फरक दोन हजार सोळा ते अठरा या काळातला. त्या वर्षांची विवरणपत्रे त्या त्या वर्षी भरून झाली. बंद केलेल्या वहीत पुन्हा लिहायचे नसते. हा नियम आयकर कायद्यात कुठेच नव्हता. तो गणपतरावांच्या हेडक्लार्कीत होता आणि आजवर त्या दोघांची कधी गाठ पडली नव्हती.

चूक त्यांच्या एकट्याची असती तर त्यांनी ती जेवणाआधी निस्तरली असती. पण दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी शाळेतली तेरा निवृत्त माणसे त्यांच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेच्या घरी जमत. गणपतराव एकेकाचे पासबुक बघत, फुलस्केप कागदावर निळ्या शाईने उत्पन्नाचा तक्ता लिहीत, बेरजेखाली दोन रेघा मारत आणि कागद हातात देताना म्हणत, "जसंच्या तसं भरायला सांगा. इकडचं तिकडं करायचं नाही." मंडळी पोहे खाऊन, चहा पिऊन कागद घेऊन जात आणि पुढे कुणाकडून तरी कॉम्प्युटरवर भरून घेत. गणपतराव स्वतः कॉम्प्युटरला हात लावत नसत. त्यांचा कागद मुलगा विश्वजित पुण्यात बसून भरत असे.

म्हणजे एकाच शाईतली एकच चूक चौदा ठिकाणी गेली होती.

त्यांनी आधी विश्वजितला फोन लावला.

"तू भरताना काही बदललं होतंस?"

"छे हो अण्णा. तुम्ही लिहून दिलं तसंच भरलं. फरकाचं एकदा विचारावं असं मनात आलं होतं, पण..."

"पण काय?"

"तुम्हाला कोण विचारणार?"

गणपतरावांनी फोन ठेवला आणि तेरा नावांची यादी केली. प्रत्येकापुढे वाढणारे उत्पन्न, त्यावरचा कर आणि व्याज मांडले. शेवटी सवयीने बेरीज केली. ती करायला नको होती.

यादीत पहिले हंबीरराव होते. पीटीचे मास्तर, निवृत्तीनंतर जयसिंगपूरला जाऊन राहिलेले. ते बोलू लागले की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे. केबलवाल्याने पंधरा रुपये जादा घेतले म्हणून त्यांनी एकदा अख्खी गल्ली गोळा केली होती.

"हंबीरराव, माझ्या हातून मोठी चूक झाली. फरक दाखवायचा राहिला. तुम्हाला तेवीस हजार भरावे लागणार. काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"असू दे की," हंबीरराव म्हणाले.

"असू दे काय? तेवीस हजार म्हणतोय मी."

"अवो, हुतंय माणसाकडनं. तुमी जेवलासा काय?"

तेवीस हजारांची बातमी ऐकून हंबीरराव जेवणाची चौकशी करतात, म्हणजे एक तर ते आजारी आहेत किंवा त्यांना काही समजलेले नाही, असे गणपतरावांनी ठरवले. पण पुढच्याने "बघू की सर निवांत" म्हटले. त्याच्या पुढच्याने थंडी फार आहे, कानाला बांधून फिरा, असे बजावले. ड्रॉइंगच्या मास्तरांनी तर नातवाच्या बारशाचे आमंत्रण दिले. दुपारी दोनपर्यंत बारा फोन झाले आणि एकही शिवी पडली नाही. अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात गणपतरावांना इतके एकटे कधी वाटले नव्हते.

तेराव्या होत्या मीनाबाई, शाळेतल्या शिपाई. त्यांना फोनवर सांगण्याचा धीर होईना. त्यांची स्वतःची पेन्शन, पाटबंधारे खात्यात असलेल्या नवऱ्यामागे मिळणारी फॅमिली पेन्शन आणि ठेवीचे व्याज मिळून आकडा पाच लाखांच्या आत राहत होता. फरक धरला की साडेसहाशे रुपयांनी वर जात होता आणि तेवढ्यापायी सगळी सूट जात होती. गणपतरावांनी बँकेतून दहा हजार सहाशे रुपये काढले, पाकिटात घातले, पाकिटावर काहीच लिहिले नाही आणि ते सिद्धार्थनगरात गेले.

मीनाबाईंनी खुर्ची पुसून पुढे सरकवली. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी त्यांच्या नवऱ्याचा फोटो होता. गणपतरावांनी सगळी हकिकत उभ्यानेच सांगितली आणि पाकीट टेबलावर ठेवले.

"चूक माझी आहे. भुर्दंड तुम्हाला नको."

मीनाबाईंनी पाकीट बोटाच्या टोकाने परत ढकलले.

"ठेवा त्ये खिशात, सायेब. कुणी बघितलं तर मलाच नावं ठेवतील."

"परवा नाही, तेरवा नाही, एकतीसला मुदत संपतेय."

"संपू दे की. आमचं आमी बघतो."

"तुमचं तुम्ही काय बघणार? चुकीचं मी लिहून दिलंय ना!"

"च्या टाकू?"

"मीनाबाई, विवरणपत्र कुणाकडं भरलंत?"

मीनाबाई पदर सारखा करत बसल्या. तो आधीच सारखा होता.

"निशाकडं. माज्या भावाची पोरगी. बिंदू चौकाजवळ दुकान हाय तिचं. पर आज बंद असंल."

"भर आठवड्यात?"

"असंल की. काय सांगावं."

गणपतराव दाराकडे वळलेच. मीनाबाईंनी चपला घातल्या आणि त्या पुढे चालू लागल्या. शाळेत त्या अशाच पुढे चालत, खोल्यांची कुलपे काढायला. आज मात्र त्या दर दहा पावलांवर थांबत होत्या. एकदा गुडघा दुखतो म्हणाल्या. एकदा भाजी घ्यायची होती. मेथीची जुडी घेतली, परत ठेवली.

दुकान उघडे होते. काउंटरच्या मागे बसलेल्या निशाने आधी आत्याकडे पाहिले, मग गणपतरावांकडे, आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या झेरॉक्स मोजायच्या थांबवल्या.

"आत्या, तू ह्यांना—"

"तू गप," मीनाबाई म्हणाल्या.

"हे बघ बाळ," गणपतराव म्हणाले, "यांचं विवरणपत्र दुरुस्त करायचं आहे. यांचं आणि आणखी बारा जणांचं, तेही कुणाकडं भरलंय ते शोधून. फरक दाखवायचा राहिलाय."

"राहिला नाही, काका."

"राहिलाय. मीच लिहिलं होतं."

निशाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मीनाबाईंचे नाव. त्याखाली पेन्शन, फॅमिली पेन्शन, व्याज आणि चौथ्या ओळीत फरक, शेवटच्या रुपयापर्यंत. जुन्या वर्षांचे पैसे एकदम हातात आले की करात सवलत मागता येते. त्याचा वेगळा अर्जही विवरणपत्राच्या आधी भरलेला होता. असा अर्ज असतो हे गणपतरावांना माहीत नव्हते. जो काही कर निघाला तो जुलैतच भरून टाकला होता.

"बाकीच्यांचं?"

"सगळे माझ्याकडंच येतात, काका. सगळ्यांचं बरोबर आहे. माहिती सगळी आधीच भरून येते हो आता, आपण नुसती तपासायची."

"मग माझे कागद?"

निशा आत्याकडे बघू लागली. आत्या रस्त्यावरून जाणाऱ्या केएमटीच्या बसकडे बघत होती. शेवटी निशाने खालचा खण उघडला आणि प्लॅस्टिकचे एक फोल्डर काउंटरवर ठेवले. तीन जुलैंचे एकोणचाळीस कागद. निळी शाई, प्रत्येक बेरजेखाली दोन रेघा. एकाही कागदावर टाचणी किंवा शिक्का नव्हता.

"आत्या म्हणाली, टाकायचे नाहीत. अक्षर लई चांगलं आहे."

गणपतरावांनी तीन-चार कागद उलटले. उभ्या उभ्या एका तक्त्याची बेरीज करून पाहिली. बरोबर होती.

"तीन वर्षं?" त्यांनी विचारले. कुणाला विचारले ते स्पष्ट नव्हते.

मीनाबाई बस गेल्यावरही रस्त्याकडेच बघत होत्या.

"तुमी रिटायर झालासा, सायेब, आणि रोज अकराला शाळंच्या गेटाबाहेर येऊन हुबं ऱ्हायाचा. मी तवा नोकरीतच होते. आत बलवावं तर कसं, आणि न बलवावं तर कसं. मग हंबीररावसर म्हणले, ह्येंच्याकडनं कायतरी लिवून घिऊया."

झेरॉक्सचे गिऱ्हाईक पैसे ठेवून गेले. गणपतरावांनी कागद पुन्हा तारखेप्रमाणे लावले आणि फोल्डरचे बटण बंद केले. ते पटकन लागेना. दुसऱ्यांदा लागले.

"तेराच्या तेरा बरोबर," ते म्हणाले. "म्हणजे दुरुस्तीचं एकच राहिलं."

ते समोरच्या स्टुलावर बसले आणि त्यांनी स्वतःचा पॅन नंबर पाठ म्हणून दाखवला. निशा टाइप करत गेली. मध्ये एकदा तिने फरकाचे विचारले, आणि त्यांनी तो दाखवायचा म्हणून सांगितले. सवलतीचा अर्ज भरायला अर्धा तास लागला.

"सही कुठं करू?"

"सही लागत नाही, काका. ओटीपी लागतो."

ओटीपी पुण्याला गेला होता. विश्वजितचाच फोन आला.

"अण्णा, हा ओटीपी कसला? तुम्ही कुठं आहात? त्या बाकीच्या लोकांचं झालं का?"

"झालं. आकडा सांग."

विश्वजितने सहा आकडे सांगितले. गणपतरावांनी ते एकेक करून निशाला सांगितले, आणि शेवटचा आकडा दोनदा सांगितला. कर आणि व्याज मिळून पंधरा हजार आठशे चाळीस रुपये झाले. ते विश्वजितने तिकडूनच भरले. पावती छापून आली. मीनाबाईंनी ती त्यांच्या आधी हातात घेतली, नाव बघितले आणि घडी न घालता त्यांच्यापुढे धरली.

"राहू दे की, निशा," त्या म्हणाल्या, "त्येंच्याकडनं काय घेतीस."

निशाच्या मागे भिंतीवर दरपत्रक होते. विवरणपत्र भरणे : जुने गिऱ्हाईक दोनशे रुपये, नवीन तीनशे. गणपतरावांनी ते वाचले आणि तीनशे रुपये काउंटरवर ठेवले.