पेटीतले कोरे टॉवेल

पेटीत बत्तीस टॉवेल होते. एकोणीस पांढरे, आठ पिवळ्या काठाचे, पाच निळे. सगळे कोरे, एकाचीही घडी मोडलेली नाही, आणि सगळ्यांना एकच कुबट वास.

हे सगळे माझ्या वडिलांना, आबांना, लग्नकार्यांत मिळालेले. आमच्या कुंभार पिंपळगावात मानाच्या माणसाला टॉवेल-टोपीचा आहेर करतात. घेणारा टॉवेल वापरत नाही. पेटीत ठेवतो आणि आपल्या घरच्या कार्यात दुसऱ्याला देतो. एकदा धुतला की तो आहेरातून बाद. म्हणून या टॉवेलांना कुणी पाणी लागू दिलं नव्हतं. पावसाळ्यात मात्र पेटीला भिंतीची ओल लागली.

दोन दिवसांनी माझ्या मोठ्या बहिणीचा, अर्पिताचा, साखरपुडा होता. आष्टीहून येणाऱ्या पाहुण्यांना हेच टॉवेल द्यायचे होते.

"अत्तर शिंपडू वरून," आई म्हणाली.

"वासावर वास चढेल नुसता," मी म्हणाले.

"मंग उन्हात टाक. फुकट झाली का बीएस्सी?"

दिवसभर टॉवेल गच्चीवर होते. संध्याकाळी आईने एक नाकाला लावला. "गेला बिलकुल!" म्हणत ती घड्या घालायला बसली.

माझी खात्री पटेना. मी एका टॉवेलाचा कोपरा ओला करून पिळला आणि भांड्याखाली झाकून ठेवला. जेवणं झाल्यावर तो आईपुढे धरला. तिने तोंड फिरवलं.

"बुरशी मेली नाही आई, वाळली होती फक्त. पाहुणे घरी नेऊन अंग पुसतील तेव्हा…"

"तवा नाव माझंच घेतील." आई म्हणाली. "पोरगी त्यांच्या घरात नांदणार, अन् न्हाणीत माझ्या आहेराचा वास!"

"धुऊन टाका मंग," आबा म्हणाले.

"धुतलेला देतेत का कुठं? वापरलेला दिला म्हणतील."

"अन् कुजका दिला तर आरती करतील का तुही?"

आईने घड्यांची चळत माझ्याकडे सरकवली. मग मला म्हणाली, "कर बाई तुला काय करायचं ते."

सकाळी मी हंड्यात पाणी तापवलं, त्यात लिंबूसत्त्व विरघळवून टॉवेल भिजत घातले. साबण अगदी थोडा घेतला. आमच्या बोअरच्या क्षाराच्या पाण्यात साबणाचा चिकट साका कापडात बसतो आणि वास धरून ठेवतो. खळखळून धुतल्यावर दोरीवर एकावर एक न टाकता सुटे वाळवले. चार टॉवेलांवर काळे ठिपके राहिले. ते बाजूला काढले. उरलेल्यांतला एक पुन्हा ओला करून पाहिला. ओल्या सुताशिवाय कसलाच वास नव्हता.

पण घड्या आता कडक बसेनात. आई त्यांच्यावर हात फिरवत राहिली. साखरपुड्यात आबा एकेकाच्या खांद्यावर टॉवेल टाकत होते, तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारामागून बघत होती.

जेवण झाल्यावर नवऱ्या मुलाचे चुलते, कल्याणराव, हात धुऊन उभे राहिले आणि खांद्यावरच्याच टॉवेलाला हात पुसू लागले. पुसता पुसता थांबले.

"ओ ताई, ह्यो कोरा न्हाई."

आई पुढे आली. पदर सावरत म्हणाली, "ह्या पोरीनं धुतलाय भाऊ. पेटीत वास धरला होता. वापरलेला न्हाई, देवाशपथ."

कल्याणरावांनी टॉवेल तोंडावरून फिरवला. "आवो, कोरा टॉवेल पाणीच पीत न्हाई, नुसता घसरतो अंगावरून. पहिला आहेर बघितला, जो जागेवरच कामाला आला." ते माझ्याकडे वळले. "आमच्याबी पेटीत पडलेत धा-पंधरा. वासानं उंदीरबी जवळ येईना. लग्नाच्या आधी तेबी धुऊन दे बराबर."

आई पदर तोंडाला लावून हसली. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच.

आमच्याकडे न आवडलेला आहेर कुणी नाकारत नाही. जाताना खुर्चीवर विसरून जातात. पाहुण्यांच्या गाड्या निघाल्यावर मी मांडवातली प्रत्येक खुर्ची पाहिली. दिलेले टॉवेल पंचवीस. मागे राहिलेले शून्य.