झाकलेलं ऊन

मित्रांनो, मी एक जुनी नऊवारी साडी आहे. निळं अंग, लाल काठ. बेळगावच्या वडगावात, विणकरांच्या गल्लीत, मल्लाप्पांच्या खड्डामागावर, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून चालवायच्या हातमागावर, माझा जन्म झाला. माझ्यामुळे एका चांगल्या घरात काय घडलं, ते मला कळून तीन आठवडे झाले, तरी अजून खरं वाटत नाही. साडीच्या हातून असा काय अपराध होणार, असं तुम्ही म्हणाल. मीसुद्धा हेच म्हणत होते.

मल्लाप्पा तेव्हा विशीतले होते आणि त्यांचं लग्न ठरलं होतं. दिवसभर व्यापाऱ्याच्या साड्या विणायच्या आणि सांजेला तासभर माझ्यावर बसायचं, असं करत त्यांनी मला पुरी केली. मला नेसूनच अंबुबाईंनी या घराचा उंबरा ओलांडला. सासरी त्यांना पहिली रीत शिकवली ती सुताची. रंगवलेलं सूत सकाळी गच्चीवर घालायचं आणि अकराच्या आत उचलायचं. अकरापर्यंतचं ऊन सूत वाळवतं, त्यापुढचं ऊन रंग खातं. उरलंसुरलं ओलं सूत चारनंतर परत बाहेर काढायचं. अंबुबाईंच्या अंगात ही रीत अशी मुरली, की त्यांनी मलाही कधी भर उन्हात घातलं नाही. लग्नकार्यात बायका माझा पदर चिमटीत धरून विचारायच्या, "निळा रंग एवढा टिकला कसा गं?" अंबुबाई म्हणायच्या, "झाकून ठेवलाय." मला फार अभिमान वाटायचा.

पुढे खड्डामाग गेला, विजेचे माग आले. अंबुबाईंचं वय झालं, त्या हलक्या साड्या नेसू लागल्या आणि मी पेटीत गेले. डांबराच्या गोळ्यांच्या वासात माझी कितीतरी वर्षं गेली. आपलं काम संपलं, असंच मी धरून चालले होते.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी घरात सोलरचा विषय निघाला. काढला तो सुनेनं, मंजुश्रीनं. ती कंग्राळीची लेक, खडेबाजारात साडीच्या दुकानात कामाला. पेटी माजघरातच होती, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"सरकार थोडी वीज माफ करतंय, मग ह्या काचा कशाला?" मल्लाप्पा म्हणाले.

"माफीच्या वरची कोण भरतंय, आप्पा? आनि माफी आज हाय, उद्याचं काय?"

"घातलेला पैका कवा निघंल?"

"पाच-सा वर्सांत. पुढची वीस वर्सं आपलीच."

तिचा नवरा नागेंद्र धड बायकोकडून बोलेना, धड बापाकडून. आठ दिवस घरात हाच खल चालला. शेवटी मंजुश्रीनं माहेरच्या पाटल्या हातातून काढल्या आणि ताटात ठेवल्या. "ह्या मोडा. चाललं न्हाय तर माझं गेलं, तुमचं न्हाय." दुसऱ्या दिवशी नागेंद्रनं त्या सराफाकडे नेऊन मोडल्या.

दिवाळी झाली. गच्चीवर लोखंडी पायांवर सोलरच्या चार निळ्या काचा बसल्या. दुसऱ्याच दिवशी अंबुबाईंनी पेटी उघडली, मला बाहेर काढलं, मधोमध फाडून माझे दोन तुकडे केले आणि काठाला काठ लावून ते शिवले. मला धक्काच बसला. चाळीस वर्षं जपलेली साडी अशी फाडतात का? पण त्यांनी मला वर नेलं, चारी काचांवर अंथरलं, टोकांच्या नाड्या लोखंडी पायांना बांधल्या आणि वरून हात फिरवत म्हणाल्या, "निळा लई नाजूक. संभाळ बाई." तेव्हा मला कळलं, की मला मोठ्या कामावर नेमलं आहे.

त्या दिवसापासून आमचा नेम सुरू झाला. सकाळी मंजुश्री बस धरायची. अकरा वाजले की अंबुबाई सूत उचलायच्या आणि मला अंथरायच्या. चारला मला काढून घडी घालायच्या. सकाळचं ऊन काचांना पुरे आणि दुपारचं ऊन खातं, असा त्यांचा सरळ हिशेब. मल्लाप्पांच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता, नागेंद्र दिवसभर मागावर आणि सुट्टीच्या दिवशी मंजुश्रीची मान कामातून वर होत नसे. गच्ची ही पहिल्यापासून अंबुबाईंचीच. आम्ही दोघी काय करतो, ते कुणाला सांगावं असं त्यांना वाटलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

उन्हानं माझा रंग उडत चालला. फाल्गुनापर्यंत माझी वरची बाजू पांढरी फटक पडली. पण खाली काचा कशा नव्याकोऱ्या होत्या! माझ्या अंगावर झेललेल्या उन्हाचं मला समाधान होतं.

खाली मात्र बिल उतरेना. सोलर बसवणारा परशराम दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा सकाळी नऊला, पुढच्या कामावर जाता जाता. "सगळं बराबर हाय," म्हणाला. मग मल्लाप्पा जेवताना पुटपुटू लागले. ज्यानं तेव्हा तोंड उघडलं नव्हतं, तो नागेंद्र आता म्हणू लागला, "मी तवाच सांगणार हुतो." गल्लीत बायका मंजुश्रीच्या मोकळ्या हातांकडे बघायच्या. सुनेनं पाटल्या वाऱ्यावर उडवल्या, असं नळावर बोललेलं गच्चीपर्यंत ऐकू यायचं. अंबुबाईंना फार वाईट वाटायचं. नजर लागली म्हणून त्यांनी काचांच्या पायाला लिंबू-मिरची बांधली, आणि मला आणखी घट्ट ताणून बसवू लागल्या.

मे महिन्यात काचा विकायच्या ठरल्या. निपाणीचा आण्णाप्पा नावाचा व्यापारी बघायला आला. काचा उतरवायला परशरामालाही बोलावलं होतं. मंजुश्रीनं रजा काढली होती. मंडळी अंगणात बसली, अंबुबाई चहा टाकायला आत गेल्या. दुपारचे बारा वाजले होते आणि मी माझ्या कामावर होते.

काचा खराब नाहीत हे व्यापाऱ्याला दाखवावं, म्हणून परशरामानं फोनवर रोजची नोंद उघडली आणि तो बघतच राहिला. "ह्ये काय? सकाळी जोर धरतंय, अकराला आडवं पडतंय, चारला परत उठतंय. रोज तसंच. ढगाला काय घड्याळ हाय?"

सगळे जिना चढून वर आले. मल्लाप्पासुद्धा, कठड्याला धरून. आणि सगळ्यांनी मला पाहिलं.

परशरामानं माझी एक नाडी सोडली, मग दुसरी. माझं एक टोक घसरलं, काचांवर ऊन पडलं. "नागेंद्र, खाली जा. सोलरच्या पेटीवरचा आकडा बघ," तो म्हणाला. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "चढतोय... अजून चढतोय रं."

मित्रांनो, मी तिथं अर्धी जमिनीवर लोळत होते. सहा महिने मी ज्याचं रक्षण करत होते, त्याचं मी अन्नच अडवलं होतं. ऊन हेच त्याचं जेवण होतं.

अंबुबाई चहाचा ट्रे घेऊन वर आल्या. सगळ्यांची तोंडं बघून जिन्यातच थबकल्या. परशरामानं समजावून सांगितलं. त्यांना आधी कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा त्यांनी ट्रे पायरीवर ठेवला.

"अंबू, कशाला झाकलंस गं?" मल्लाप्पांनी विचारलं.

"तिच्या पाटल्या हायत त्या," अंबुबाई म्हणाल्या. "भर उन्हात कशा टाकू?"

सहा महिने एक शब्द उलटून न बोललेली मंजुश्री पुढे आली. "आत्ती," ती सासूला एवढंच म्हणाली, "एकदा मला इचारायचं तरी."

आण्णाप्पा जिन्याकडे वळला. "ह्ये आता इकायचं न्हवं, आप्पा. च्या तेवढा द्या," म्हणाला आणि चहा पिऊन निपाणीला निघून गेला.

त्या दिवशी अंबुबाई जेवल्या नाहीत. ऊन उतरल्यावर डोक्यावर पदर घेऊन त्या गल्लीत निघाल्या. ज्या ज्या दारात सुनेचं नाव निघालं होतं, त्या प्रत्येक दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाटल्या वाया गेल्या न्हाईत. मीच झाकल्या हुत्या." बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. गल्लीतल्या मनुबाईंच्या दारात त्यांना रडू फुटलं, तेव्हा मागून मंजुश्री आली. "चला आत्ती, झालं," म्हणत त्यांचा हात धरून ती उभी राहिली, पण अजून दोन घरं उरली होती. ती घरं करूनच अंबुबाई परतल्या.

मित्रांनो, ज्याला जपायचं, त्याला काय लागतं ते आधी विचारा. सुताचा नियम काचेला लावू नका, आणि एका माणसाचा दुसऱ्याला लावू नका. माया असली की विचारायची गरज नाही, असं वाटतं. मलाही वाटलं होतं, आणि सहा महिने एक मुलगी माझ्या सावलीत होरपळत राहिली.