कडप्प्यावरची पांढरी पावलं

सातपूरमधल्या सुमनबाईंच्या रो-हाउसच्या स्वयंपाकघरात गुरुवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध पाटावर गिझरमधून काढलेली जळकी कॉइल ठेवली होती आणि तिच्यावर बोटभर पांढरं कवच चढलं होतं. क्षेमनाथ महाराजांनी लिंबू कापलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि पिळलं. कॉइल फसफसली! चाळीस माणसांनी एकदम हात जोडले.

"करणी तडफडतेय, माउली!" महाराज गरजले. "किटली गेली, वॉशिंग मशीन गेलं, आता गिझर गेला. हे कधीपासून?"

"वैशाखापासून," सुमनबाई म्हणाल्या. म्हणायला नको होतं, पण म्हणाल्या. वैशाखात त्यांच्या हर्षलचं लग्न झालं होतं.

सगळ्या माना कोपऱ्यात उभ्या असलेल्या नव्या सुनेकडे, वणीच्या तेजलकडे वळल्या.

"आई, इथलं पाणी जड आहे हो," ती म्हणाली. "साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. मी पहिल्याच आठवड्यात..."

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस," सुमनबाई म्हणाल्या.

महाराजांनी तिला पाय धुऊन ओल्या पावलांनी काळ्या कडप्प्यावरून चालायला लावलं. मग अर्धा तास आरती, घंटा, धुपाचा धूर. तोवर पाणी वाळलं आणि काळ्या फरशीवर पाच पांढरी पावलं उमटली.

"पांढऱ्या पायाची!" गर्दीतून कोणीतरी म्हणालं. हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आहे आणि तितकाच हलकट आहे. पण त्या दिवशी तो डोळ्यांना दिसला, मग शंका कोण घेणार? चाळिसांतल्या एकालाही स्वतःचे पाय धुऊन बघावेसे वाटले नाहीत.

हर्षल शिकलेला होता, कारखान्यात लाखमोलाची यंत्रं चालवत होता, पण आईपुढे त्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. दुसऱ्या दिवशी तोच तेजलला मोटारसायकलवरून वणीला सोडून आला. निघताना ती सासूच्या पाया पडायला वाकली. सुमनबाईंनी पाय मागे घेतले.

नवा गिझर आला. महाराजांनी त्याला लिंबू-मिरची बांधली. फाल्गुनात तोही बंद पडला. या खेपेला सुमनबाईंनी महाराजांना नाही, कोपऱ्यावर दुरुस्तीचं दुकान असलेल्या रहेमानभाईंना बोलावलं. त्यांनी गिझर उघडला, तर आत तेच पांढरं कवच.

"पण ती तर इथं नाही," सुमनबाई पुटपुटल्या.

"कोण नाही?"

त्यांनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता रहेमानभाईंचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी ओट्यावरचं लिंबू घेऊन कॉइलवर पिळलं. फस्स! सिंकच्या नळावर साचलेल्या पांढऱ्या थरावर पिळलं. फस्स! आपल्या पिशवीतून आणखी एक जुनी कॉइल काढली आणि तिच्यावरही पिळलं. पुन्हा फस्स!

"ताई, हे बोअरचं पाणी. जमिनीतला चुना त्यात विरघळलेला असतो. पाणी तापलं की तो कॉइलवर बसतो. थर वाढला की कॉइलची उष्णता आतच कोंडते आणि ती जळते. फरशीवर पाणी वाळलं की तोच चुना मागं उरतो. लिंबाच्या आंबटानं तो विरघळतो, त्यातून वायू सुटतो, म्हणून फेस. मंत्र म्हणा नाहीतर शिव्या द्या, फेस येणारच. तुम्ही बोअर कधी जोडलात?"

सुमनबाईंना आठवलं. लग्नाच्या पाहुण्यांना पाणी कमी पडू नये म्हणून त्यांनीच टाकीला बोअर जोडून घेतला होता. वैशाखात. नंतर तो बंद करायचा राहूनच गेला.

"आणि ही पिशवीतली कॉइल कुणाची?"

"महाराजांच्या मठातली. पावसाळ्यात मीच बदलून दिली, तेव्हापासून पिशवीतच आहे. त्यांच्याकडं कुठली सून आली होती?" रहेमानभाईंनी मान खाली घातली. "लिंबाचं त्यांना मीच दाखवलं, ताई. म्हटलं, किटली लिंबानं साफ करत जा, थर साठणार नाही. मला काय ठाऊक, ते असं वापरतील!"

ते गेल्यावर सुमनबाईंनी पाय धुतले, कडप्प्यावरून चालल्या आणि पंख्याखाली बसून राहिल्या. पाणी वाळलं. पांढरी पावलं उमटली, त्यांच्या डाव्या पायाच्या वाकड्या करंगळीसकट.

त्यांनी वणीला फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. "चुकलं माझं. तू घरी ये, बाळा."

"मी तेव्हाच सांगितलं होतं, काकू," तेजल म्हणाली.

काकू! लग्न झाल्या दिवसापासून ती त्यांना आई म्हणत होती. सुमनबाई घाईघाईनं म्हणाल्या,

"हर्षल न्यायला येईल गं तुला."

"सोडायला आले तेव्हा त्यांनी वाटेत एकदा जरी पाण्याबद्दल विचारलं असतं ना, तरी मी वाट बघितली असती. आता नको." तिनं फोन ठेवला.

वाचकहो, लिंबू तुमच्याही घरात आहे आणि नळही आहे. कोणी घरातल्या बाईकडे बोट दाखवलं, तर आधी ते लिंबू स्वतः पिळून बघा, शेजाऱ्याच्या नळावर पिळून बघा, स्वतःचे पाय धुऊन बघा. आणि ती काय म्हणते ते ऐका. खरंखोटं कळायला अर्धा तास पुरतो. सुमनबाईंनी तो अर्धा तास आरती म्हणण्यात घालवला, आणि त्यांची सून गेली ती गेलीच.