अर्धा पडदा

"दुकान करून राह्यले का न्हाणी?" आईने दारातूनच विचारले.

बाबा कापड दुकानात बायकांच्या बसायच्या गादीपुढे पडदा लावत होते. बसलेल्या बाईचे डोके झाकेल, एवढाच उंच.

"अवं, रस्त्यानं सासरा गेला का सून मान खाली घालते. तिले लुगडं दिसन कसं?"

"मंग पुरा काऊन नाई लावत?"

"पुरा लावला तं दुकान बंद वाटते."

एक्याण्णवची दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. जैनथला आमच्या समोरच भगवंतरावांनी काचा लावलेले कापड दुकान थाटले होते आणि आमची गिऱ्हाइके तिकडच्या ट्यूबलाइटांकडे वळली होती. ही दिवाळी गेली तर दुकान राहणार नव्हते. मी आदिलाबादच्या कॉलेजातून दसऱ्याच्या सुटीवर आले होते.

"कसं दिसून राह्यलं, बाई?" बाबांनी मला विचारले.

"डावीकून उतरला."

त्यांनी खुशीने खिळा उपटला आणि वर ठोकला.

दुपारी बयनाबाई सुनेला, चंद्रभागेला, घेऊन आल्या. सासरा समोरच्या हॉटेलात चहा पीत होता. एरवी ती खांबाला टेकून उभी राही आणि लुगडे सासूच निवडे. आज चंद्रभागा पडद्याआड बसली. हळूच पदर मागे सरकला. समोरच्या भिंतीवर बाबांनी आरसाही बसल्या उंचीवर आणला होता.

"काका, ते पोपटी दाखवा."

"तुले पोपटी शोभते म्हनून कोनं सांगितलं वं?" सासू म्हणाली.

"आरशानं."

सगळ्यांत मोठ्याने बाबा हसले. पोपटीच बांधून दिले. दुकानाची पायरी उतरताना चंद्रभागा पुटपुटली, "पडदा काढू नका, काका."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या फळ्या काढता काढता बाबा खाली बसले. दवाखान्याची गाडी येईस्तोवर संपले होते.

तेरवीनंतर, दिवाळीच्या आठवडी बाजाराला आईने दुकान उघडले. बायका आल्या. चपला काढून एकेक जण सरळ पडद्याआड जाऊन बसली. चंद्रभागेने आपल्या गावातल्या आणखी दोघी आणल्या होत्या. भगवंतराव आपल्या काचेमागून बघत होते.

संध्याकाळी आई घरात दिवा लावायला गेली. मी पहिल्यांदाच त्या गादीवर बसले. तिथून रस्ता दिसत नव्हता. ऑटोवाल्यांच्या हाका तेवढ्या ऐकू येत होत्या. आरशात मी होते, आणि मागे पडद्याची सरळ कड.

"छान दिसून राह्यलं, बाबा," मी मोठ्याने म्हणाले.