लक्ष्मणरावांच्या घरची फुसफुस

पवनारच्या लक्ष्मणरावांनी झुरळं पाळली होती. हो, झुरळंच! आणि साधीसुधी नव्हेत बरं का. अंगठ्यापेक्षा मोठी, बिनपंखांची, बोट लावलं की ‘फुस्स’ करणारी. लेक दिपालीनं पुण्यात शिकताना हौसेनं ठेवली होती. नोकरीसाठी परदेशी निघाली तेव्हा काचेची पेटी तिनं बापाच्या हवाली केली. “गाजर अन् पाणी द्याजा बाबा, बाकी ते काई मांगत नाई.”

लक्ष्मणरावांनी आधी नाक मुरडलं. पण बायको वच्छलाबाई गेल्यापासून त्या घरात बोलायला होतं कोण? दुपारी धाम नदीवरून वारा यायचा, पडदा फुगायचा आणि पडल्या पडल्या डोळा लागता लागता त्यांना फुस्स ऐकू यायचं. बायको सैपाकघरात भाजीला फोडणी देतेय असं वाटायचं. डोळे न उघडताच ते म्हणायचे, “हो, उठून राह्यलो.” मग उठून गाजर चिरायचे. वेडेपणा म्हणा हवं तर. त्या वेडेपणावर माणूस जगत होता.

पोळ्याला थोरली बहीण अनुसयाबाई सिंदी मेघ्याहून आली. ती बोलेल म्हणून लक्ष्मणरावांनी पेटीवर टॉवेल टाकून ठेवला. आता पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे मारबतीचा. दाराशी ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या पहाटे उचलायच्या, घराचे कोनेकोपरे झोडपायचे आणि घरातली पीडा मारबतीसोबत वेशीबाहेर टाकून यायची. अनुसयाबाई असल्या कामात मागं राहणारी नव्हे.

“माशा, मोंगसं, ढेकूण, झुरळं घेऊन जाय गे मारबत!”

लक्ष्मणरावांना ते झोपेत ऐकू आलं. दरवर्षी वच्छलाबाईच ओरडायच्या. ती परत आली, एवढंच त्यांच्या मनात आलं आणि ते हसून कुशीवर वळले. जाग आली तेव्हा टॉवेल जमिनीवर पडलेला आणि पेटीचं मेज रिकामं. 

अनवाणीच वेशीकडे निघाले. धुकं इतकं की रस्ता पायांनाच माहीत. वेशीबाहेर डहाळ्यांच्या ढिगात पेटी ठेवून अनुसयाबाई हात झटकत होती.

“बाई, काऊन आणली हे?”

“घरातले झुरळं मारबतीसंग नाई त कोणासंग धाडू? वच्छलानंबी हेच केलं असतं.”

खरंच होतं ते, म्हणून जास्त लागलं. त्यांनी पेटीला हात घातला, तर बाईनं मनगट धरलं. “वेशीबाहेर टाकलेली पीडा घरात परत नाई आणत, लक्ष्मण. पोरगी दूरदेशी हाय तुही.”

पोरीचं नाव आलं आणि त्यांनी हात मागे घेतला. नेता येईना, टाकून जाववेना. ते मातीत बसले. “मंग मीबी इथंच राह्यतो.”

“राह्य!” म्हणत तीही बसली. एकाच आईची लेकरं, हट्टाला काय कमी!

धुक्यातून ऊन झिरपलं. भोवतालची कपाशी तरंगल्यासारखी दिसत होती. लक्ष्मणराव म्हणाले, “बाई, घर लय चूप असते व. मले भेव वाटते. हे बोलतात.”

 तेवढ्यात पेटीत फुस्स झालं. मोठी मादी कोपऱ्यात अंग चोरून उभी होती आणि तिच्या पोटाखालून पांढरी पांढरी पिल्लं बाहेर येत होती, भाताच्या शितांसारखी. दिपालीनं सांगितलं होतं, पण लक्ष्मणरावांनी कधी पाहिलं नव्हतं. “हे अंडे नाई ठेवत बाई, पिल्लंच देते.”

अनुसयाबाई नाकाला पदर लावून वाकली. पाहता पाहता पदर सुटला. “अवं माय! बाळंत झाली का हे? इथं, उघड्यावर?”

ती तटकन उठली. “उचल पेटी. हळू! हिंदकळू देऊ नको.”

“अन् पीडा?”

“बाळंतीण वेशीवर टाकून जाऊ का मी? चाल!”

दारात तिनं त्यांना थांबवलं. आतून भाकरीचा तुकडा आणि पाणी आणलं, पेटीवरून ओवाळून अंगणात टाकलं.

“गेलते ते झुरळं होते,” ती म्हणाली. “हे आपल्या घरची बाळंतीण हाय. ये आत.”

वच्छलाबाई गेल्या तेव्हाही लक्ष्मणराव रडले नव्हते. आज भर दारात, पेटी छातीशी धरून, ते हमसून हमसून रडले.